पाव इंची फूट घ्यावा का? आठ महिने वापरून झाल्यावरचं माझं मत

शिलाई मशीनला लावायचा पाव इंची फूट (फूट म्हणजे सुईपाशी कापड दाबून धरतो तो पाय, आणि पाव इंची म्हणजे कापडाच्या कडेपासून पाव इंचावर टीप पडावी म्हणून असतो तो) घ्यावा का, आणि घ्यायचाच तर पट्टीवाला की साधा, हे मला महिन्यातून दोनदा तरी कोणीतरी विचारतं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. आठ महिने झाले वापरतेय, दोन्ही प्रकारचे, शिवाय एक फसलेला, असे तीन फूट झाले घरात. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी मूळची ब्लाउजवाली. वीस-बावीस वर्षं घरी ब्लाउज, परकर, फॉल-पिको हेच केलं. ब्लाउजला माया, म्हणजे टिपेच्या पलीकडे सोडलेलं जादा कापड, जितकी जास्त तितकी बरी, दोन्ही बाजूंना चांगली इंच इंच आत दाबून ठेवायची, कारण पुढच्या लग्नसराईला उसवावं लागणार हे शिवणारीला माहीत असतं आणि घालणारीलाही, फक्त बोलत कोणी नाही. त्यामुळे क्विल्ट, म्हणजे मापात कापलेले तुकडे जोडून करतात ते गोधडीसारखं पांघरूण, करायला घेतला तेव्हा माया पाव इंच म्हणजे साधारण पाव इंच, एवढंच माझ्या डोक्यात. डोळ्यांनी टीप सरळ जाते आपली, मोजायचंय काय त्यात!

भाचीच्या बाळासाठी करत होते. सगळ्यात सोपं डिझाइन घेतलं, नाइन पॅच, अडीच इंचाचे नऊ चौकोन, तीन तीन जोडून तीन ओळी आणि मग त्या ओळी एकमेकींना. हिशोब असा की तीन अडीच साडेसात, मधे दोन शिवणी, प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचा पाव-पाव मिळून अर्धा इंच आत जातो, म्हणजे एकूण एक इंच गेला आणि ब्लॉक, म्हणजे जोडून झालेला मोठा चौकोन, झाला साडेसहाचा. त्याच्या शेजारी साडेसहाचा अख्खा चौकोन, पुन्हा नाइन पॅच, पुन्हा अख्खा, बुद्धिबळाच्या पटासारखं. अख्खे चौकोन मी आधीच कापून ठेवलेले, हळदी रंगाचे, काय सुंदर दिसत होते गठ्ठ्यात. नाइन पॅच शिवून झाले, इस्त्री झाली, त्यातला एक ठेवला हळदी चौकोनावर तर पिवळं बाहेर डोकावतंय. मोजला तर सव्वासहा. दुसरा मोजला, सव्वासहा. तिसरा एका बाजूने सव्वासहा आणि दुसऱ्या बाजूने जरासा जास्त, तिथे बहुतेक चहा पिऊन आले होते.

आता पाव इंचाने काय होतंय, ओढून बसवू, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. ओढून बसवले. वर सगळे झोळ आले, हळदी चौकोन पुरीसारखे फुगले आणि चार कोपरे जिथे भेटायचे तिथे एकही कोपरा दुसऱ्याला ओळख दाखवेना. सासूबाई सोफ्यावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "गोधडीला कुठे गं एवढं मोजमाप? माझ्या आईने जन्मात कधी पट्टी हातात घेतली नाही." खरंच आहे ते. गोधडीत खाली जुनं लुगडं पसरायचं, वर तुकडे मांडत आणि कडा दुमडत धावदोरा घालत जायचं, तुकडा आखूड पडला तर शेजारी अजून एक लावायचा, संपलं. इथे बारा ब्लॉक बारा दिवशी वेगवेगळे शिवायचे आणि तेराव्या दिवशी ते एकमेकांना जुळायला हवेत. मी त्यांना म्हटलं, आई, हे गोधडीसारखं दिसतं पण आहे फरशी बसवण्यासारखं.

कोडं सोडवलं ते सुतारदादांनी. घरात तेव्हा कपाटाचं काम चालू होतं. ते इंचाचे आठ सूत मोजतात, पाव इंच म्हणजे दोन सूत. माझी एक शिवण त्यांनी आपल्या पट्टीने मोजली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही अडीच सूत घेताय." अर्धंच सूत जास्त! पण ते एका तुकड्यात अर्धं, समोरच्या तुकड्यात अर्धं, म्हणजे शिवणीमागे एक सूत, आणि दोन शिवणी म्हणून दोन सूत. झाला पाव इंच गायब. एका ओळीत आठ शिवणी असत्या तर अख्खा इंच गेला असता, आणि हे सगळं अशा चुकीमुळे जी नुसत्या डोळ्याला दिसतसुद्धा नाही. तेव्हापासून मी क्विल्टचं सगळं सुतातच मोजते, फार सोयीचं पडतं, पुढे सांगते का ते.

अडीच सूत येत का होतं? तर माझ्या मशीनचा रोजचा झिगझॅगचा फूट रुंद आहे. सुईपासून त्याच्या उजव्या कडेपर्यंत मोजलं तर जवळपास तीन सूत. मी कापड त्या कडेच्या जरासं आत धरून अंदाजाने चालवायचे, म्हणून अडीच. सुईखालच्या प्लेटवर रेषा आहेत पण त्या १०, १५, २० अशा मिलिमीटरच्या. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्याची रेषाच नाही. म्हणून मग फूट शोधायला लागले.

पहिला फूट ऑनलाइन मागवला, साइटचं नाव घेत नाही. दहा फुटांचा सेट होता, सगळ्या मशीनला बसतो असं लिहिलेलं, त्यात एकावर छान पाव इंच असं कोरलेलं. लावला, खाली ग्राफ पेपर ठेवून टीप मारली, मोजलं तर कडेपर्यंत ७ मिलिमीटर. आता ६.३५ च्या जागी ७ म्हणजे फार काय नाही असं वाटतं, पण शिवणीमागे १.३ मिलिमीटर जातात, आठ शिवणींना सेंटिमीटरच्या वर. माझ्या अंदाजापेक्षा बरा, एवढंच. फोटो काढून पाठवला पट्टीसकट, तर उत्तर आलं की प्रॉडक्ट वर्णनाप्रमाणेच आहे. त्या सेटमधला चेनचा फूट मात्र मस्त निघाला, तो वापरते.

तर पहिली गोष्ट ही की फुटावर काय कोरलंय ते वाचू नका, मोजा. आणि त्याच्याही आधी आपल्या मशीनचा दांडा कुठला ते बघा, ज्याला शँक म्हणतात. फूट पूर्ण खाली ठेवून तळापासून स्क्रूपर्यंत उंची साधारण अर्धा इंच असेल तर लो शँक, घरगुती मशीन बहुतेक असेच. इंचाच्या आसपास असेल तर हाय शँक, आणि एकाचा फूट दुसऱ्याला बसत नाही, कितीही प्रेमाने दाबला तरी.

दुसऱ्या वेळेस शहाणी झाले. मशीनचा जुना फूट काढून पर्समध्ये टाकला, पट्टी टाकली आणि रविवार पेठेत मशीनचे पार्ट मिळतात तिथे गेले. दुकानातले काका आधी म्हणाले, "ताई, मशीन कुठलं?" मी जुना फूट काउंटरवर ठेवला तशी त्यांचा चेहराच बदलला, म्हणाले हे बरं केलंत, नाहीतर लोक नुसता मोबाइलमधला फोटो दाखवतात. त्यांनी दोन काढून दिले. एक पट्टीवाला, ३२० रुपये, म्हणजे फुटाच्या उजव्या कडेला पातळ धातूची उभी पट्टी असते, कापडाची कड तिला घासत घासत जाते. दुसरा साधा, २५० रुपये, पट्टी नाही, फुटाची कड हीच पाव इंच, आणि सुईच्या पुढे-मागे पाव पाव इंचावर खाचा, म्हणजे कोपऱ्यात नेमकं कुठे थांबायचं ते कळतं. मोठ्या कंपन्याही असे दोन्ही बनवतात, बर्निनाचा ३७ नंबर साधा आणि ५७ नंबर पट्टीवाला, पण ते त्यांच्याच मशीनचे आणि किंमत ऐकून मी पाणी प्यायले. काकांना म्हटलं दोन्ही द्या. घरी साध्याच्या किमतीचं सांगितलं फक्त.

आता पट्टीवाल्याबद्दल. पहिल्या दिवशी मी त्याच्या प्रेमात पडले. लांब पट्ट्या जोडायच्या असतील, लॉग केबिनसारखं, म्हणजे मधल्या चौकोनाभोवती पट्ट्या लावत जायचं, काही असेल, तर कापड नुसतं पट्टीला टेकवून सोडायचं आणि गाणी ऐकत बसायचं, टीप अशी जाते की जणू मालगाडी रुळावरून. चौकोनांच्या जोड्या एकामागून एक घालत गेले, मधे दोरा न कापता, माळेसारख्या, अर्ध्या तासात चाळीस जोड्या. सगळ्यांच्या शिवणी एकसारख्या. मी खूश.

मग टेस्ट केली. ही टेस्ट करा, फूट कुठलाही घ्या, मशीन कुठलंही असो. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापायच्या, हातभर नको, चार-पाच इंच लांब पुरे. तिन्ही एकमेकींना जोडायच्या, इस्त्री करायची, आणि मधली पट्टी मोजायची. मधल्या पट्टीची दोन्ही बाजूंनी माया गेलेली असते म्हणून ती बरोब्बर एक इंच भरायला हवी, आणि तिन्ही मिळून साडेतीन. माझं एकूण आलं साडेतीनला अर्धं सूत कमी. फूट मोजला होता, पाव इंचच होता. टीप मोजली, पाव इंचच होती. मग गेलं कुठे?

घडीत गेलं. शिवण उघडून एका बाजूला दाबली की कापड टीपेवरून वळतं, आणि त्या वळणाला कापडाची आणि दोऱ्याची जाडी लागते. चादरीची घडी घातली की घडीच्या ठिकाणी जरा फुगीर राहते ना, तेच, फक्त बारीक. म्हणून क्विल्टवाले पाव इंच म्हणतात तेव्हा त्यांना खरं तर पाव इंचाला एक धागा कमी हवा असतो. दोन सूत वजा एक धागा. सुतारदादांना हे सांगितलं तर हसले, म्हणाले करवतीचं पातं पण लाकूड खातं ताई, आम्ही ते धरूनच आखतो.

आणि तो एक धागा म्हणजे किती, हे कापडावर आहे. कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन असेल तर अगदी केसभर. जाड खादी घेतली तर जास्त, खणाचे तुकडे लावले तर अजून वेगळं कारण ते सटकतं आणि कडा सुटतात. जुन्या वापरून मऊ झालेल्या सुती साडीचं कापड इतकं पातळ की तिथे जवळजवळ पूर्ण पाव इंच चालतो. त्यामुळे प्रत्येक क्विल्टच्या आधी त्याच कापडाच्या, त्याच दोऱ्याच्या तीन पट्ट्या. ब्लाउजचा माझा रोजचा दोरा बदलून बारीक सुती ५० नंबरी घेतला तेव्हा अर्ध्या सुतातलं निम्मं परत मिळालं, फुटाला हातही न लावता.

उरलेलं निम्मं मिळवायचं तर सुई केसभर उजवीकडे सरकवायची, म्हणजे कापडाच्या कडेकडे, माया तेवढी कमी होते. माझ्या मशीनला ती सोय आहे. आणि इथेच पट्टीवाला अडला. त्याला सुईसाठी एकच गोल भोक आहे, सुई मधल्या जागेवरून हलली की भोकाच्या कडेला आपटणार. साध्याचं भोक आडवं लांबट आहे, त्यात सुई थोडी इकडेतिकडे चालते. दुकानात मला हे सुचलं नव्हतं. तुम्ही घ्याल तेव्हा भोक बघा, पट्टी नंतर.

भोकावरून आठवलं. परकराच्या कडेला झिगझॅग मारत होते, मधेच फोन आला, परत येऊन पट्टीवाला फूट लावला, क्विल्टचे तुकडे घातले, पेडल दाबलं. मशीन झिगझॅगवरच होतं. खट्ट! सुईचं टोक उडून चष्म्याच्या काचेवर. चष्मा नसता तर आज हा रिव्ह्यू कोणी दुसऱ्याने लिहिला असता. तेव्हापासून फूट बदलला की आधी हाताने चाक फिरवून दोन टाके घ्यायचे, सुई भोकातून सुखरूप खाली-वर होतेय ना बघायचं, मगच पेडल. नातीने एक चिठ्ठी लिहून मशीनला चिकटवलीय, "आजी सरळ टीप!!" अशी, दोन उद्गारचिन्हांसकट.

पट्टीवाल्याच्या बाकी तक्रारी भराभर सांगते. टाचण्या कडेशी लावल्या तर पट्टीत अडकतात, आधी काढाव्या लागतात, आणि नेमक्या शिवणीवर शिवण येते तिथे टाचणी शेवटपर्यंत हवी असते. जिथे चार पदर जमतात त्या जाड उंचवट्यावरून जाताना पट्टी कापडाला ढकलते, टीप एक धागा आत जाते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्रिकोण. दोन रंगांचे चौकोन एकावर एक ठेवायचे, कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरपी रेघ काढायची, रेघेच्या दोन्ही बाजूंनी पाव इंचावर टिपा मारायच्या आणि रेघेवर कापायचं, की दोन रंगांच्या दोन त्रिकोणांचा एक, असे दोन चौकोन तयार, ही क्विल्टमधली सगळ्यात लाडकी युक्ती. तिथे टीप कापडाच्या मधोमध असते, कड नाहीच, त्यामुळे ती उभी पट्टी कापडावर चढून बसते आणि ओरखडत जाते. फूट बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. साधा फूट मात्र रेघेला कड लावून छान चालतो.

सुतात मोजणं इथे कामी येतं म्हणाले होते ना. या त्रिकोणांसाठी चौकोन तयार मापापेक्षा, म्हणजे चारी बाजूंची माया जाऊन जे उरतं त्यापेक्षा, सात सूत मोठा कापायचा असतो. इंग्रजी पुस्तकांत सात अष्टमांश असं लिहिलेलं असतं आणि बायका घाबरतात. सात सूत म्हणा, झालं. चार इंचाचा तयार हवाय, चार इंच सात सूत कापा. मी तर सरळ पाच इंच कापते आणि नंतर छाटते, कारण तिरप्या शिवणीवरचं कापड उरेब असतं, ताणतं, आणि माझ्या हाताचा मला भरवसा नाही.

साध्या फुटाची पण एक तक्रार आहे, नाही असं नाही. तो अरुंद आहे आणि माझ्या मशीनचे कापड ओढणारे दाते रुंद, त्यामुळे उजवीकडचा दाता फुटाच्या बाहेर मोकळा राहतो, कापडाला तिथे वरून दाब नाही. शिवणीच्या शेवटच्या अर्ध्या इंचात तुकडा गपकन डावीकडे वळतो आणि टीप कडेला निसटते. मला वाटायचं माझाच हात. मग लक्षात आलं की प्रत्येक चौकोनाचं शेपूट एकाच दिशेला वाकडं आहे. उपाय दोन, एक म्हणजे शेवटी कापडाला मागून बोटांनी नाही तर टाके उसवायच्या अवजाराच्या टोकाने हलकं धरून ठेवायचं, आणि दुसरा म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी एक चिंधी घालायची. चिंधीवरून टीप सुरू करायची, तशीच तुकड्यावर न्यायची, संपली की पुन्हा चिंधी. यामुळे झिगझॅगच्या प्लेटचं जे लांब भोक असतं ते कापडाचा कोपरा गिळतं तेही थांबतं. सरळ टिपेची, एकच बारीक भोक असलेली वेगळी प्लेट मिळत असेल तुमच्या मशीनला तर ती घ्या, फुटापेक्षा आधी घ्या. फक्त नातीची चिठ्ठी विसरू नका.

आता फूट ज्यात काहीच करू शकत नाही ते. फूट माप घेतो ते कापडाच्या कडेपासून. कड वाकडी कापली असेल तर तो इमानदारीने वाकडीच टीप मारून देणार, पाव इंचावर, शेवटपर्यंत. मी आधी कात्रीने कापायचे, खडूने रेघ काढून. खडूची रेघच मुळी अर्धं सूत जाड! रेघेच्या आत कापलं की बाहेर, तिथेच हिशोब संपला. शेवटी फिरतं पातं घेतलं, ४५ मिलिमीटरचं, ओल्फा कंपनीने १९७९ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणलं तसलं, खाली कापायची मॅट आणि वर पारदर्शक पट्टी. जास्त पैसे तिथे गेले आणि जास्त फरकही तिथेच पडला, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. पट्टी मात्र शेवटपर्यंत एकच वापरा. माझ्याकडे दोन कंपन्यांच्या दोन होत्या, एकीच्या रेघा जाड, दुसरीच्या बारीक, एकीने कापलं आणि दुसरीने मोजलं की उगाच टेन्शन. सुळसुळीत कापडाला आधी स्टार्च करून घेते, कागदासारखं होतं, पट्टीखाली हलत नाही.

आणि इस्त्री. साडीला करतो तशी सरसर फिरवायची नाही. मी फिरवली, चौकोनाचा शंकरपाळा झाला. वरून ठेवायची, दाबायची, उचलायची. आधी टीप जशी आहे तशी बंदच दाबायची म्हणजे टाके कापडात बसतात, मग उघडून गडद रंगाच्या बाजूला माया वळवायची. उघडताना शिवण पूर्ण उघडली पाहिजे, बऱ्याचदा आत एक बारीक मिशी राहते घडीची, आणि मग आपण फुटाला शिव्या घालतो. शेजारच्या ओळीत माया उलट बाजूला वळवली की दोन शिवणी एकमेकींत अशा अडकतात की बोटाला कळतं, कट्ट होतं. ते कट्ट जमलं ना, की कोपरे आपोआप जुळतात. पहिल्यांदा जमलं तेव्हा मी उठून सासूबाईंना दाखवून आले. त्या म्हणाल्या छान आहे, पण बाळ काय कोपरे बघणारे का.

बरं, आता एक गंमत. सासूबाईंचं जुनं काळं मशीन आहे, पायाचं, फक्त सरळ टीप मारतं. लाइट गेली होती एका दुपारी म्हणून त्याच्यावर बसले. त्याच्या प्लेटला एकच बारीक भोक, फूट अरुंद, दाते पण अरुंद, म्हणजे जे मी नव्या मशीनला विकत घेऊन जोडत होते ते याच्याकडे आधीपासून होतंच. पाव इंचाची खूण नव्हती तेवढी केली. मुदत संपलेलं प्लास्टिकचं कार्ड कापलं, तीन तुकडे एकावर एक चिकटवून ठोकळा केला. सुईखाली ग्राफ पेपर ठेवला, चाक फिरवत सुई पाव इंचाच्या रेघेपासून एक धागा कडेच्या बाजूला टेकवली, फूट खाली सोडला, आणि कागदाच्या कडेला ठोकळा लावून डबल टेपने बसवला. झाला कुंपणाचा दगड. ठोकळा दात्यांवर येत नाही ना आणि घसरपट्टीच्या फटीवर चिकटत नाही ना एवढं बघा, नाहीतर बॉबिन बदलायला सगळं उचकटावं लागतं, मला लागलं. तीन पट्ट्यांची टेस्ट केली. मधली एक इंच, एकूण साडेतीन. खर्च शून्य.

हे वाचून तुम्ही म्हणाल मग फूट कशाला. तर असं आहे, काळं मशीन किंवा कुठलंही नुसत्या सरळ टिपेचं असेल तर फूट घेऊ नका, ठोकळा करा. झिगझॅगचं मशीन असेल तर साधा फूट घ्या, लांबट भोकाचा, आणि सोबत ठोकळाही चिकटवा, कारण ठोकळा सुईच्या बराच आधीपासून कापडाला सरळ करतो, फुटाची कड सुईपाशी आल्यावर. पट्टीवाला फक्त दोघींसाठी, एक जी अगदी नवीन आहे आणि नुसते चौकोन आणि पट्ट्याच जोडणार आहे, आणि दुसरी जिला नजरेचा त्रास आहे, कारण पट्टी हाताला कळते, बघावं लागत नाही. साध्याला पाचपैकी साडेचार, पट्टीवाल्याला तीन, ऑनलाइनच्या सेटला एक आणि तो एक चेनच्या फुटाचा.

भाचीच्या बाळाचा क्विल्ट मी उसवला, हो, जवळजवळ सगळा, बारांतले नऊ नाइन पॅच, दोन आठवडे उसवत बसले होते मालिका बघत. पुन्हा शिवायचा धीर होईना, कडा पिंजल्या होत्या. मग सव्वासहाचे जे तीन ब्लॉक शाबूत होते त्यांना मापाचं काही न बघता सासूबाईंनी खाली जुनं लुगडं घालून धावदोऱ्याने दुपटं करून दिलं, बाळ त्याच्यावरच झोपतं. नवा क्विल्ट साध्या फुटावर झाला, बारा ब्लॉक, बाराही साडेसहा, एक सोडून. तो कुठला ते सांगणार नाही.

माझा पट्टीवाला फूट आता पडूनच असतो. लो शँकचा आहे, कोणाला हवा असेल तर दीडशेला देते, पण येताना आपल्या मशीनचा जुना फूट काढून आणा, आधी लावून बघू.